डोंबिवलीचे नाव लावणारी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या बहुतेक वाचकांनी मोबाइलवर पाहिलेली असेल. नातेवाइकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मनोरा फिरत येतो. तो असा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

असे करत नवव्या पायरीवर

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

खाली ‘गणिताचा चमत्कार’ असे लिहिलेले असते. कोणी ‘सुब्हानअल्लाह’ लिहितो, कोणी फुले टाकतो, आणि मेसेज पुढच्या ग्रुपवर जातो. त्यात दोन गोष्टी कधीच नसतात. हे असे का होते, ते नसते. आणि ज्या माणसाने या संख्यांना नाव दिले, त्याचे नाव नसते. ते नाव आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या एका स्टेशनाचे आहे, हे तर कोणालाच ठाऊक नसते. ते स्टेशन म्हणजे डोंबिवली.

कल्याण, मुंब्रा, भिवंडी, ठाणे या भागात राहणारी आपली हजारो माणसे रोज डोंबिवलीवरून जातात. म्हणून या एका संख्येची नीट ओळख करून घ्यावी असे वाटले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गणित नाही. तरीही या संख्येबद्दल जे पुढे सांगणार आहे, ते सातवीच्या गणिताच्या पलीकडचे नाही. घरातल्या मुलांना शेजारी बसवून, कागद-पेन्सिल घेऊन वाचलेत तर अधिक बरे.

आधी ती वाचायची कशी?

संख्या सतरा अंकी आहे. बँकेच्या भाषेत वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ ‘कोटी’, आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१. म्हणजे कोटींचीच गणती कोटींत करावी लागते. सेकंदाला एक या वेगाने कोणी मोजत बसला, तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

आपल्या जुन्या गणितात मात्र यातल्या प्रत्येक घराला स्वतंत्र नाव होते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एकं, दशं पासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावे दिली आहेत. त्या नावांनी ही संख्या वाचून पाहा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि तिथून उतरताना आठ कोटी, सात प्रयुत म्हणजे दहा लाख, सहा लक्ष, पाच अयुत म्हणजे दहा हजार, चार सहस्र, तीन शतक, दोन दशक, एक. नऊ अर्बुदांपर्यंत चढण, पुढे उतार.

याच ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फ़ैज़ी याने १५८७ मध्ये केले. त्याआधी सात-आठशे वर्षे, नवव्या शतकात, बगदादच्या अल-ख्वारिज़्मी यांनी शून्यासह दहा चिन्हांनी हिशेब करण्याच्या या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि तिला हिंदची पद्धत म्हटले. पुढे युरोपने तेच अंक अरबांकडून घेतले आणि त्यांना अरबी अंक म्हटले. आज मूल पाटीवर एकं-दहं लिहिते, त्यामागे इतक्या लोकांचा हात आहे.

आणखी एक गंमत. ही संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, तीच राहते. मराठीत आपण लहानपणी ‘चिमा काय कामाची’ असे उलटसुलट वाचायचो. उर्दूतही असे शब्द आहेत. ‘नादान’ उर्दूत लिहून पाहा: नून, अलिफ, दाल, अलिफ, नून. ‘शाबाश’ लिहून पाहा: शीन, अलिफ, बे, अलिफ, शीन. दोन्ही शब्द कोणत्याही टोकाकडून सारखेच. आपली एक लिपी डावीकडून चालते, दुसरी उजवीकडून. ही संख्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला सारखीच भेटते.

कापरेकर गुरुजी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्यासाठी लागणारी आकडेमोड ते मुलाकडून करून घेत. मुलाला ज्योतिषापेक्षा आकडेच जास्त आवडले. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थी असतानाच, १९२७ मध्ये, स्वतंत्र गणिती कामासाठी असलेले रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. सगळे संशोधन त्यांनी ही नोकरी सांभाळून केले. प्रयोगशाळा नव्हती, यंत्र नव्हते. कागद, पेन्सिल आणि आकडे एवढेच साहित्य.

देवळालीहून मुंबईला येणारी गाडी कल्याण, डोंबिवली, ठाणे या मार्गानेच येते. तेव्हा ही लाइन जी.आय.पी. रेल्वे म्हणून ओळखली जाई. मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या डोंबिवली स्टेशनावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. डेम्लो म्हणजे डोंबिवली, अशी नोंद गणिताच्या पुस्तकांत आहे. त्यांपैकी १, १२१, १२३२१ ही जी मालिका आहे, तिला त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हटले. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा यावरचा लेख छापून आला. म्हणजे आपल्या ग्रुपवर फिरणारा तो मनोरा आज जगभरच्या गणिताच्या कोशांत डोंबिवलीच्या नावाने नोंदलेला आहे.

गुरुजींचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे ६१७४ ही संख्या. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिच्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या तयार करा आणि वजाबाकी करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. उदाहरणार्थ ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. पण आपण डोंबिवलीच्या संख्येकडे परत येऊ.

हे असे का होते?

चौकटीची वही घ्या. ११११ ला ११११ ने गुणायचे आहे. आपण शाळेत शिकलो तसेच मांडा. पहिल्या ओळीत चार एक. दुसऱ्या ओळीत पुन्हा चार एक, पण एक घर डावीकडे सरकून. तिसरी ओळ आणखी एक घर सरकून. चौथी ओळ आणखी एक घर. आता प्रत्येक उभ्या रांगेत किती एक आले ते मोजा. अगदी उजवीकडच्या रांगेत एकच. तिच्या शेजारी दोन, मग तीन, मधल्या रांगेत चार. तिथून पुढे पुन्हा तीन, दोन, एक. उत्तर १२३४३२१.

एवढेच आहे. नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर सरकलेली. मधल्या रांगेत नऊ एक जमतात, आणि दोन्ही बाजूंना आठ, सात, सहा असे कमी होत जातात. वीट रचताना प्रत्येक थर थोडा सरकवला की दोन्ही बाजूंना पायऱ्या दिसतात, तसेच हे. चमत्कार म्हणून सोडून दिलेली गोष्ट एका पानावर उलगडते, आणि उलगडल्यामुळे तिची गोडी कमी होत नाही.

आपल्याकडे ७८६ आकडा असलेली नोट जपून ठेवणारे घरोघरी आहेत. मोबाइलच्या किंवा गाडीच्या खास नंबरासाठी पैसे मोजणारेही आहेत. तो वेगळा विषय आहे. ७८६ ही अबजदच्या रीतीने अक्षरांना अंक देऊन काढलेली बेरीज आहे. त्या आकड्याला अर्थ माणसांनी दिला. १२३४५६७८९८७६५४३२१ चे गुण कोणी दिलेले नाहीत. तुम्ही मानले किंवा न मानले तरी नऊ ओळींची बेरीज तीच येणार. गणितात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. नववीतली मुलगी आणि विद्यापीठातला प्राध्यापक दोघांनाही तपासण्याचा हक्क सारखाच असतो.

एक्याऐंशीची कथा

आता या संख्येचे सतरा अंक मिळवा. १ पासून ९ पर्यंत ४५, आणि ८ पासून १ पर्यंत ३६. एकूण ८१. म्हणजे नऊ नव्वे. हा योगायोग नाही. नऊ ओळी होत्या, प्रत्येक ओळीत नऊ एक. एकूण ८१ एक लिहिले. तेच उभ्या रांगांत वाटले गेले, म्हणून अंकांची बेरीज ८१. याच कारणाने १२१ च्या अंकांची बेरीज ४, १२३२१ ची ९, आणि १२३४३२१ ची १६.

अंकांच्या बेरजेचा एक जुना उपयोग आहे. गुणाकार बरोबर आला की नाही, ते तिने पडताळता येते. अरबी हिशेबाच्या ग्रंथांत या पडताळ्याला ‘मीज़ान’ म्हणजे तराजू म्हणत. रीत सोपी आहे. ११११ च्या अंकांची बेरीज ४. चार गुणिले चार १६, आणि १ अधिक ६ म्हणजे ७. उत्तर १२३४३२१, त्याच्या अंकांची बेरीज १६, म्हणजे पुन्हा ७. तराजू सम राहिला. याचे कारणही अवघड नाही. दहातून नऊ काढले की एक उरतो, शंभरातून नव्व्याण्णव काढले की एक उरतो. म्हणून कोणत्याही संख्येतून नऊ-नऊचे गठ्ठे काढत गेलो की मागे तिच्या अंकांची बेरीज उरते. तराजू सम आला म्हणजे उत्तर बरोबर असेलच असे नाही; पण तराजू कलला तर उत्तर नक्की चुकलेले आहे.

आता आपली संख्या ८१ ने भागून पाहा. बाकी शून्य येते. कारण १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने पूर्ण भाग जातो. मोठी संख्या म्हणजे अशा दोघींचा गुणाकार. दोघींनाही ९ ने भाग जातो, म्हणून गुणाकाराला ९ × ९ म्हणजे ८१ ने भाग जातो. इथे एक सावधगिरी हवी. अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो, असे म्हणता येत नाही. ९ साठी तो नियम आहे, मोठ्या संख्यांसाठी नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही, ९ उरतात.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला ‘हर्षद संख्या’ म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नावही कापरेकर गुरुजींचेच. १८ ही हर्षद संख्या आहे: १ अधिक ८ नऊ, आणि १८ ला ९ ने भाग जातो. मनोऱ्यातल्या नऊ संख्यांपैकी हर्षद किती, ते मुलांना तपासायला सांगा. पहिली १ आहे, ती सोडून द्या. उरलेल्या आठांत फक्त दोन सापडतील: तिसऱ्या पायरीवरची १२३२१ आणि नवव्या पायरीवरची आपली संख्या.

आत काय दडले आहे?

१११११११११ हे नऊ एक तीन-तीनच्या गटांत पाहा. ती संख्या म्हणजे १११ × १००१००१. त्यातली १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. या ३७ आणि ३३३६६७ मूळ संख्या आहेत, त्या पुढे फुटत नाहीत. म्हणजे नऊ एकांच्या संख्येत दोन तिऱ्या, एक ३७ आणि एक ३३३६६७ आहे. तिचा वर्ग केला की प्रत्येकाची जोडी होते: चार तिऱ्या, दोन ३७, दोन ३३३६६७. सतरा अंकी डोंगर आतून अवघ्या तीन मूळ संख्यांचा आहे.

आता ३७ ला ३३३६६७ ने गुणा. उत्तर १२३४५६७९ येते. नीट पाहा: सगळे अंक क्रमाने आहेत, फक्त ८ गायब. ही संख्या मुलांना फार आवडते. तिला ९ ने गुणले की १११११११११ मिळते. मुलाला आवडता अंक विचारा. त्याने ७ म्हटले तर सात नव्वे ६३, आणि १२३४५६७९ × ६३ म्हणजे ७७७७७७७७७. त्याने ५ म्हटले तर ४५ ने गुणा.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, भागण्याऐवजी गुणा. उत्तर ९९९९९९९९९ चा वर्ग येतो. कारण ८१ म्हणजे ९ × ९. एक नऊ एका १११११११११ ला दिला, दुसरा दुसरीला, की दोन्हींचे ९९९९९९९९९ होते. हा नियम मनोऱ्याच्या प्रत्येक पायरीवर चालतो: १२१ × ४ म्हणजे २२ चा वर्ग, १२३२१ × ९ म्हणजे ३३३ चा वर्ग.

आणि ९९९९९९९९९ चा वर्ग किती? ९९९९९९९९८००००००००१. हे उत्तर मधोमध कापा. डावीकडे ९९९९९९९९८, उजवीकडे ०००००००००१ नव्हे, नऊच घरे: ००००००००१. दोन्ही मिळवा. पुन्हा ९९९९९९९९९. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते, तिला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ ही त्यातली सोपी: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. अशा रीतीने गुरुजींनी वेगवेगळ्या वेळी शोधलेल्या तीन कल्पना, डेम्लो, हर्षद आणि कापरेकर, या एका संख्येजवळ येऊन भेटतात.

योगायोग ओळखायचा कसा?

या संख्येला पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या किती, याचाही हिशेब करता येतो. चार तिऱ्यांपैकी शून्य ते चार घेता येतात, म्हणजे पाच प्रकार. ३७ चे तीन प्रकार, ३३३६६७ चे तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. एकूण ४५ विभाजक. आणि १ ते ९ ची बेरीजही ४५!

इथे कोणीही टाळी वाजवेल. पण थांबा, खालच्या पायऱ्या तपासा. १२१ चे विभाजक १, ११ आणि १२१, एकूण तीन. आणि १ अधिक २ म्हणजे तीन. जमले. आता १२३२१. तिचे विभाजक नऊ आहेत, आणि १ अधिक २ अधिक ३ म्हणजे सहा. जमले नाही. म्हणजे हा नियम नाही, योगायोग आहे. ८१ च्या बेरजेमागे कारण होते, ४५ च्या मागे नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. फरक फक्त विचारणाऱ्याला कळतो.

गणिताच्या शिक्षिका रजेवर असल्या की त्यांच्या तासाला कधी कधी मला जावे लागते. अशाच एका तासाला मी सातवीच्या वर्गात हा मनोरा फळ्यावर लिहिला. नवव्या पायरीला सगळा वर्ग खूश झाला. मागच्या बाकावरची, एरवी गणिताच्या तासाला मान वर न करणारी एक मुलगी म्हणाली, “टीचर, दहाव्याला काय होतं? मध्ये दहा कसे बसणार?”

त्या तासाचा सर्वांत चांगला प्रश्न तो होता. दहा एक घेतले की दहा ओळी होतात आणि मधल्या रांगेत दहा एक जमतात. एका घरात दहा बसत नाहीत. शून्य लिहून एक हातचा डावीकडे द्यावा लागतो. डावीकडे नऊ होते, ते दहा झाले. तिथेही शून्य, पुन्हा एक हातचा. त्यापुढे आठ होते, त्यांचे नऊ झाले, आणि तिथे हातचा थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गेला, मध्ये दोन शून्ये आली आणि उलटसुलट सारखेपणा मोडला. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, ती ८२ आली. कारण प्रत्येक हातच्यात दहा एकांचा एकच होतो, म्हणजे नऊ कमी. दोन हातचे, अठरा कमी.

मनोरा नवव्या पायरीवर का थांबतो, हे तिने कोणी न शिकवता ओळखले होते. ग्रुपवर फिरणारा मेसेज नवव्या पायरीवर संपतो. गणित दहाव्या पायरीवर सुरू होते.

आपल्या घरांसाठी

हे सगळे सांगण्यामागे एक काळजी आहे. ‘हिसाब मेरे बस की बात नहीं’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि मुलांपेक्षा मुलींकडून जास्त. त्याहून जास्त पालकांकडून, मुलीच्या समोरच. आठवी-नववीतली मुलगी ते ऐकते आणि मान्य करून टाकते. दहावीनंतर विषय निवडताना गणित आधी गळते. मग बँक, रेल्वे, पोलीस भरती, एमपीएससी, कुठल्याही परीक्षेत तेच गणित समोर येऊन उभे राहते, आणि तेव्हा शिकवायला कोणी नसते.

त्याच घरातली अम्मी डझनाचा भाव ऐकून एका पीसची मजुरी तोंडी काढते. भिशीत कोणाचे किती राहिले, ते तिला वही न उघडता ठाऊक असते. भिवंडीत मागावर बसणारे आजोबा ताण्याचे धागे मोजत आयुष्य काढतात. कपडा बेतणाऱ्या दादीला किती वारांत किती कुर्ते बसतील हे नजरेने कळते. हे सगळे गणितच आहे. आपल्या घरात डोके कमी नाही. ‘हे आपले काम नाही’ हा समज जास्त आहे.

कापरेकर गुरुजींनाही तेच ऐकवले गेले. विद्यापीठांतले अनेक गणितज्ञ त्यांचे काम किरकोळ समजत. त्यांचे लेख बहुधा लहान नियतकालिकांत येत, काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या केल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. गुरुजी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. कोणी दखल घेवो न घेवो, आकड्यांशी त्यांची दोस्ती कधी तुटली नाही.

सुट्टीच्या दिवशी चौकटीची वही काढा आणि मुलांना पुढचे तीन प्रश्न द्या. मोबाइल आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

१) ३३३ चा वर्ग काढा. त्याला १२३२१ ने भागा. उत्तर जे आले, ते तेच का आले?

२) अकरा एकांचा वर्ग रांगा मांडून काढा. हातचा किती वेळा द्यावा लागला? त्यावरून, बेरीज न करता, उत्तराच्या अंकांची बेरीज सांगा.

३) १ ते १०० मधल्या हर्षद संख्यांची यादी करा. एक अंकी सगळ्या का येतात?

उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. मध्येच उत्तर सांगू नका. मूल चुकले तर चूक कुठल्या रांगेत झाली ते त्यालाच शोधू द्या. मीज़ानचा तराजू त्यासाठीच आहे. आणि बरोबर आले की ‘कसं काढलंस?’ असे विचारा. मुलाला स्वतःच्या तोंडाने कारण सांगता आले, म्हणजे ते गणित त्याचे झाले. शाबाशी त्या कारणाला द्या, नुसत्या उत्तराला नको.